सिम रेसिंगसाठी चांगलं स्टिअरिंग कसं निवडावं: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजापूर रोडवरच्या आमच्या घरी मागच्या खोलीत चौकोनी पाइपांचा एक सांगाडा आहे. त्यावर जुन्या गाडीचं सीट, पुढे बेस आणि स्टिअरिंग. हे सगळं सिम रेसिंगसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी रेस गाडी चालवण्याच्या खेळासाठी. रविवारी दुपारी तिथे चारपाच जण जमतात. कुणी इंजिनिअरिंगचा, कुणी एमआयडीसीत नोकरीला, एक जण वडिलांबरोबर कारखाना बघणारा. स्टिअरिंगवर पन्नास-साठ हजार, कधी लाखभर रुपये खर्चायचे असतात, आणि ती वस्तू हातात धरून बघता येईल असं दुकान आपल्या गावात नाही. म्हणून ते मला विचारतात. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

प्रीमियम स्टिअरिंग म्हणजे नेमकं काय?

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू. मोटर असते तो बेस; खेळातल्या गाडीचे धक्के आणि ओढ ती मोटर हाताला देते. हातात धरतो ती रिम, तिलाच आपण स्टिअरिंग म्हणतो. आणि दोघांना जोडणारा खटका म्हणजे क्विक रिलीज. लॉजिटेकचं जी२९ किंवा जी९२३ घेतलं तर तिन्ही एकत्रच येतात आणि रिम बदलता येत नाही. वरच्या वर्गात तिन्ही वेगळे विकत मिळतात. कधी कधी एकट्या रिमची किंमत पूर्ण जी२९ सेटच्या पुढे जाते.

एवढे पैसे कशाचे? माझ्या मते सगळ्यात आधी ताठपणाचे. सोलापुरी चादर घेताना आपण छाप बघून घेत नाही. हातात घेऊन वजन बघतो, उजेडाकडे धरून वीण बघतो. रिमचंही तसंच करा. दोन्ही हात पावणेतीनच्या काट्यांसारखे ठेवा, एक हात स्वतःकडे ओढा आणि दुसरा पुढे ढकला. स्वस्त रिम पिळल्यासारखी वाकते आणि आतून प्लॅस्टिकचा करकर आवाज येतो. चांगली रिम हलतच नाही, कारण तिची पुढची प्लेट ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची असते. मोटर जे बारीक कंप पाठवते ते वाकणाऱ्या रिममध्ये वाटेतच मरतात. तुम्ही बेसला पैसे मोजलेत, पण ते हातापर्यंत पोचलेच नाहीत, असं होतं.

दिवे, स्क्रीन, वीस बटणं हे सगळं त्यानंतर.

मग आधी काय घेऊ? रिम, बेस की पेडल?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. माझा क्रम असा: आधी पक्का स्टँड, मग चांगले पेडल, मग बेस, आणि रिम शेवटी.

कारण साधं आहे. लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा वेळ, ब्रेकवर ठरतो. साध्या पेडलमध्ये ब्रेक किती *अंतर* दाबला हे मोजलं जातं. लोड सेलच्या पेडलमध्ये किती *जोर* लावला हे मोजलं जातं. आपल्या पायाला अंतरापेक्षा जोर जास्त नीट लक्षात राहतो, म्हणून दर लॅपला ब्रेक सारखा लागायला लागतो. आमच्याकडे येणाऱ्या एकाने महागडी फॉर्म्युला रिम (एका सीटच्या रेस गाडीसारखी, वरची कड नसलेली) घेतली आणि पेडल जुनेच ठेवले. दोन महिने त्याचा वेळ जिथल्या तिथे होता. मग लोड सेलचा ब्रेक बसवला आणि त्याच आठवड्यात गाडी त्याच्या ताब्यात आली.

पेडल चांगले असतील, स्टँड हलत नसेल, तर मात्र रिमवर खुशाल खर्च करा. तासन् तास हातात तीच असते.

न्यूटन-मीटर, न्यूटन-मीटर म्हणतात ते काय? मला किती हवेत?

ती मोटरची पिळण्याची ताकद. हाताला कळेल असा हिशेब सांगतो. ३०० मिलिमीटर व्यासाची रिम असेल तर मध्यापासून कडेपर्यंत १५ सेंटिमीटर. बेस ८ न्यूटन-मीटरचा असेल तर कडेवर साधारण ५३ न्यूटन, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा ओढा येतो. तो दोन हातांत वाटला जातो. २५ न्यूटन-मीटरला हाच ओढा सतरा किलोवर जातो.

गिअरवर चालणारे लॉजिटेकचे सेट २ न्यूटन-मीटरच्या आसपास असतात. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे रिम थेट मोटरच्या दांड्यावर, मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. फनाटेकचा सीएसएल डीडी ५ न्यूटन-मीटरचा, मोठा पॉवर सप्लाय लावला की ८ चा. मोझाचा आर५ साडेपाचचा, आर९ नऊचा, आर१२ बाराचा. थ्रस्टमास्टरचा टी८१८ दहाचा, लॉजिटेकचा जी प्रो अकराचा. सिमुक्यूब २ च्या बेसमध्ये स्पोर्ट १७ चा, प्रो २५ चा आणि अल्टिमेट ३२ चा.

मोठा आकडा हवा तो हात दुखवून घ्यायला नव्हे. लहान बेसची ताकद संपली की वळणात एका पातळीनंतर सगळं सपाट लागतं. टायर धरतोय की सुटतोय हे कळत नाही. याला क्लिपिंग म्हणतात. १२ चा बेस ८ वर चालवला तर वर जागा उरते आणि बारीकसारीक सगळं हाताला येतं. बहुतेकांना ८ ते १२ पुष्कळ होतात असं माझं ठाम मत आहे.

रिमचा व्यास किती घ्यावा?

बेस बघून ठरवा. ५ न्यूटन-मीटरच्या बेसवर ३५० मिलिमीटरची जड रिम लावली तर दोन तोटे होतात. व्यास वाढला की हाताला लागणारा जोर कमी होतो, आणि वजन वाढलं की बारीक धक्के त्या वजनातच विरतात. आमच्याकडे एकाने हे केलं होतं. गाडी ट्रॅकच्या कडेच्या खडबडीत पट्टीवर (कर्बवर) चढली तरी त्याचं स्टिअरिंग गप्प. तीच गाडी त्याने माझ्या हलक्या २८० च्या रिमवर चालवली आणि ओरडलाच, "दादा, आता कळालं की, टायर घसरालंय!"

लहान बेसला २८० ते ३०० आणि हलकी. नऊच्या पुढे गेलात की ३२०, ३३० चालते.

खरेदीआधी एक करा. जाड पुठ्ठ्यातून ३०० आणि ३३० मिलिमीटरची दोन वर्तुळं कापा, तुमच्या सीटवर बसा आणि प्रत्येक वर्तुळ दहा-दहा मिनिटं धरा. खांदे वर उचलले जातायत का, गुडघ्याला कड लागते का, वर्तुळाआडून स्क्रीन दिसते का? कागदावरच्या आकड्याने जे कळत नाही ते याने कळतं.

गोल, खालून चपटं, की फॉर्म्युलाचं?

तुम्ही कोणती गाडी चालवता? नुसती आवडते ती सांगू नका, गेल्या महिन्यात खरोखर चालवली ती सांगा.

रॅली, ड्रिफ्ट (गाडी मुद्दाम घसरवत नेणं), जुन्या गाड्या, ट्रक: गोलच. या गाड्यांमध्ये हात सुटतो, रिम हातातून फिरते, आणि ती कुठूनही धरली तरी सारखी लागली पाहिजे. वरचा भाग कापलेल्या रिमवर ड्रिफ्ट करताना हात हवेत जातो. फॉर्म्युला गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम एक फेरी असते, हात जागचे हलत नाहीत, म्हणून तिथे वरची कड लागतच नाही. जीटी३ साठी, म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेस गाड्यांसाठी, या दोन्हींच्या मधली: खालून चपटी किंवा वरूनही उघडी, ३०० च्या आसपासची.

एकच घ्यायची असेल आणि सगळंच चालवत असाल, तर ३२० ची गोल किंवा खालून चपटी घ्या. गोल रिमने फॉर्म्युला चालवता येते. फॉर्म्युलाच्या रिमने रॅली चालवणं म्हणजे हाल आहेत.

चामडं, स्यूड की रबर? इथल्या उन्हाळ्यात काय टिकतं?

हे उत्तर मी मुद्दाम लांब देतो, कारण परदेशातली माणसं पंधरा-वीस अंशांच्या खोलीत बसून जे सांगतात ते मे महिन्यातल्या सोलापुराला लागू पडत नाही. पारा ४२-४३ च्या पुढे, पंखा गरम हवा फेकतोय, आणि तुम्ही पाऊण तासाची रेस लावली आहे. तळहाताला घाम येणारच.

स्यूड आणि अल्कांटारा. अल्कांटारा हे चामडं नाही, तो मऊ लवेचा कृत्रिम कपडा आहे. नवी असताना दोन्हींची पकड फार सुंदर असते. पण घाम आणि हाताचं तेल त्या लवेत मुरतं, लव आडवी पडते, आणि अंगठ्याखालची जागा चकचकीत, बुळबुळीत होते. माझ्या पहिल्या स्यूड रिमचं एका उन्हाळ्यात हेच झालं. पावणेतीनच्या दोन्ही जागा काळ्या, गुळगुळीत, आणि बाकीची रिम नव्यासारखी. तेव्हा मी हातमोजे घालत नव्हतो. आता घालतो, आणि दुसरी रिम दोन उन्हाळे काढूनही लव धरून आहे.

तुमचं घर पूर्व भागात, लूमच्या आसपास असेल तर आणखी एक गोष्ट. हवेत सुताचे बारीक तंतू असतात. अशोक चौकाकडच्या एका मित्राच्या रिमवर आठवड्यात पांढुरकी साय धरते, स्यूड ते तंतू सोडत नाही. वापर झाला की रिमवर सुती फडकं टाकून ठेवा. पंधरा दिवसांनी मऊ टूथब्रशने कोरडंच, एका दिशेने, मग उलट दिशेने झाडा. फार मळलं तर पिळून घेतलेल्या ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, पुन्हा ब्रश फिरवा. चामड्याचं पॉलिश स्यूडला कधीही लावू नका, लव कायमची बसते.

गुळगुळीत चामडं पुसायला सोपं, दिसायला छान, पण ओल्या हाताला निसटतं. त्यातल्या त्यात भोकं पाडलेलं चामडं बरं.

रबर किंवा सिलिकॉनची पकड, जी बऱ्याच फॉर्म्युला रिमवर असते, ती दिसायला साधी पण आपल्या हवेला सगळ्यात सोयीची. घाम पुसला की झालं. हातमोजे घालायचा कंटाळा असेल तर डोळे झाकून रबर घ्या.

गिअरचे पॅडल शिफ्टर एवढे महत्त्वाचे का?

गिअर बदलायला रिमच्या मागे बोटांनी ओढायच्या ज्या पात्या असतात ते हे पॅडल, आणि एका रेसमध्ये ते शेकडो वेळा ओढले जातात म्हणून. चुंबकाच्या पॅडलमध्ये दोन चुंबक किंवा चुंबक आणि लोखंड चिकटलेलं असतं. बोटाने ओढलं की ते *टक्* करून सुटतं आणि सोडलं की परत चिकटतं. गिअर पडला हे बोटालाच कळतं, स्क्रीनकडे बघावं लागत नाही. तपासताना पॅडल वर-खाली हलवून बघा. ओढण्याच्या दिशेनेच हललं पाहिजे, आडवं डुगडुगता कामा नये. टोकाला धरून ओढा आणि मुळाशी धरून ओढा, दोन्हीकडे टक् एकाच क्षणी आलं पाहिजे. बोटं लहान असतील तर पॅडलची पाती सरकवता येतात का ते विचारा.

आवाजाचा विचारही करा. रात्री अकराला शेजारच्या खोलीत घरचे झोपलेले असतील तर काही रिमचा टकटकाट भिंतीपलीकडे जातो. काही रिममध्ये रबरी चकत्या लावून तो कमी करता येतो.

खालचे दोन क्लचचे पॅडल हवेत का?

उभ्यावरून सुरू होणाऱ्या रेसपुरतेच. एक पॅडल पूर्ण दाबायचं, दुसरं अर्धवट, पहिलं सोडलं की क्लच नेमक्या जागी येतो आणि चाकं जागेवरच गरगर न फिरता गाडी सुटते. फॉर्म्युलामध्ये याचा खरा उपयोग आहे. असेत्तो कोर्सा कॉम्पेतित्सिओने या गेममध्ये जीटी३ च्या रेस चालत्या गाड्यांनी सुरू होतात, तिथे हे पॅडल वर्षभर नुसते लटकत राहतील.

स्क्रीन आणि दिव्यांची रिम घेऊ का?

आरपीएमचे, म्हणजे इंजिनाचा वेग दाखवणारे, दिवे उपयोगी आहेत. नजरेच्या कडेला रंग बदलतो आणि गिअर वेळेवर पडतो. स्क्रीनबद्दल मी तेवढा उत्साही नाही. मॉनिटर बेसच्या मागेच असेल तर तीच माहिती त्यावर दिसते. व्हीआर हेडसेट घालत असाल तर ती स्क्रीन तुम्हाला दिसणारच नाही. त्यापेक्षा अंगठ्याने फिरवायचे रोटरी घ्या. ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) रेसच्या मध्यात बदलायला ते लागतात, आणि एकेक खटका बोटाला मोजता आला पाहिजे.

खऱ्या गाडीचं स्टिअरिंग बसवता येतं का?

येतं, आणि मला हा मार्ग फार आवडतो. मोमो, स्पार्को, ओएमपी यांच्या बहुतेक रेसिंग स्टिअरिंगला मध्ये सहा भोकं असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ७० मिलिमीटर असतो. सिम रेसिंगच्या बऱ्याच हबवर (रिम स्क्रूने जिथे बसते तो भाग) हेच माप आहे. नार्दी आणि पर्सनल यांचं माप मात्र ७४. चार मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण स्क्रू बसत नाही. घेण्याआधी समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर व्हर्निअरने मोजा.

माप जुळलं नाही तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची ॲडाप्टर प्लेट करून मिळते. आम्ही एक करून घेतली आहे. कागदावर चित्र काढून नेण्यापेक्षा स्टिअरिंग आणि हब दोन्ही सोबत न्या.

क्विक रिलीजमध्ये काय बघायचं?

खेळ. खटका लावून रिम धरा आणि बेस न फिरवता हलकेच डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. केसभरही ढिलाई नको. तो ढिलेपणा सरळ रस्त्यावर प्रत्येक धक्क्याला *टुकटुक* असा ऐकू येतो आणि एकदा ऐकू आला की दुसरं काही ऐकू येत नाही.

दुसरं, वीज आणि बटणांचे सिग्नल कसे येतात? काही रिममध्ये खटक्यातल्या पिनांमधून, काहींमध्ये बिनतारी, काहींमध्ये वेगळ्या गुंडाळीच्या यूएसबी वायरने. वायरची रिम फॉर्म्युलाला चालते. ड्रिफ्टला नको, दोन फेऱ्यांत वायर दांड्याला गुंडाळते.

माझ्याकडे प्लेस्टेशन आहे. कोणतंही चालेल?

नाही. कन्सोलला परवानगी असलेलंच हार्डवेअर लागतं. फनाटेकमध्ये अनेक वर्षं नियम असा राहिला की एक्सबॉक्सची मान्यता रिममध्ये आणि प्लेस्टेशनची बेसमध्ये. ग्रॅन टुरिस्मो ७ या गेमसाठी घेत असाल तर खोक्यावर प्लेस्टेशनचं चिन्ह बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पीसीवर ही अडचण नाही.

सगळं एकाच कंपनीचं घ्यावं का?

एका कंपनीची रिम दुसरीच्या बेसवर सहसा थेट बसत नाही, म्हणून बेस घेतानाच तिच्या रिमची यादी बघा. पण सगळी भिस्त एकीवरच ठेवू नका. २०२४ मध्ये फनाटेकची मूळ जर्मन कंपनी एंडोर दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी कोर्सेअरने तो व्यवसाय विकत घेतला. मधल्या काळात वॉरंटीचं काय, या काळजीत जगभरचे लोक होते. यूएसबीची, ७० मिलिमीटरच्या मापाची रिम पीसीवर योग्य हब लावून बहुतेक बेसवर हलवता येते. एक तरी अशी असू द्या.

स्टडी टेबलावर चालेल का?

लॉजिटेकचा सेट चालतो. ८ न्यूटन-मीटरचा बेस नाही चालत, टेबल हलतं, मग तुम्ही जोर कमी करता, मग महाग बेस घेतला कशाला? गावातल्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड इंची चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्डिंग करून घ्या. बेसखाली किमान ५ मिलिमीटरची प्लेट सांगा, आणि पेडलच्या मागे आडवा पाइप हवाच. सीट पुढे-मागे सरकण्याची सोय ठेवा, घरात सगळ्यांचे पाय एका लांबीचे नसतात.

वीज जाते-येते, त्याने काही बिघडतं का?

रेस बिघडते. चालू रेसमध्ये बेस बंद पडला तर रिम एकदम सैल होते. पीसी आणि बेस एकाच यूपीएसवर घ्या, पण आधी दोघांचे वॅट मिळवून बघा. सीएसएल डीडीचा मोठा पॉवर सप्लाय एकटाच १८० वॅटचा आहे.

त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. मधूनच यूएसबी तुटतं, रिमची बटणं आपोआप दाबली जातात, सांगाड्याला हात लावला की झिणझिण्या येतात, असं असेल तर बेसला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या पेठांतल्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनेला मागे काही जोडलेलं नसतं. आमच्यापैकी दोघांचा "बिघडलेला" बेस अर्थिंग केल्यावर बरा झाला.

जुनं घ्यावं का?

घ्यावं, पण चालवून. मी एकदा फोटोवर भुलून रिम मागवली. विकणाऱ्याने "फक्त महिनाभर वापरलेली" म्हणून सांगितलं होतं. खोकं उघडलं तर उजवं पॅडल पाच ओढींत एकदा गिअरच टाकत नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून माझी अट असते: व्हिडिओ कॉलवर प्रत्येक बटण पाच वेळा, प्रत्येक रोटरी दोन्ही दिशांना पूर्ण फेरी, पॅडल वीस-वीस वेळा, आणि समोर पीसीच्या स्क्रीनवर इनपुट दिसतंय. जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेत नाही. पुण्यात विकणारा असेल तर हायवेने अडीचशे किलोमीटर जाऊन स्वतः बघून आणणं मला परवडतं.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला बसू देऊ का?

बसू द्या, पण जोर २ न्यूटन-मीटरच्या आसपास आणून. गाडी भिंतीवर आदळली की रिम झटकन फिरते, आणि अंगठे रिमच्या आऱ्यांच्या आत अडकलेले असतील तर ते मुरगळतात. अंगठे रिमवर टेकवायला शिकवा, आत खुपसायला नाही. आदळणार असं दिसलं की हात सोडून द्यायचे, हेही शिकवा. मोठ्या ताकदीच्या बेसबरोबर लाल आपत्कालीन बटण येत असेल तर ते बसणाऱ्याच्या हाताला येईल असं लावा, सांगाड्याच्या मागे नको.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करू?

एक गाडी आणि एक ट्रॅक धरून ठेवा. रोज सेटिंग बदलू नका, जोर अर्ध्यावर ठेवून सुरू करा आणि दोन दिवसांनी थोडा वाढवा. मनगट दुखलं तर कमी करा. आठ दिवसांनी ॲलन की घेऊन रिमचे सहाही स्क्रू पुन्हा आवळा, समोरासमोरचे एकाआड एक, कारण सततच्या कंपाने ते पहिल्या आठवड्यातच थोडे सैल होतात.